एक पासवर्ड आणि दोन घरे

विहारातली रविवारची बैठक संपली की आमच्याभोवती चारदोन माणसे थांबतातच. पूर्वी ती जातीच्या दाखल्यासाठी किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी थांबत. हल्ली मोबाईल पुढे करतात. "साहेब, पोरानं सिनेमाचं ॲप काढून टाकलं, तरी खात्यातून पैसे कटले." आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. हिशेबाचा प्रश्न म्हणून हेही आमच्याच गळ्यात.

ॲप काढल्याने वर्गणी बंद होत नाही, हे आधी ध्यानात घ्या. त्या ॲपच्या खात्यात जाऊन सदस्यत्व रद्द करावे लागते. यूपीआयवर ऑटोपेला मंजुरी दिली असेल तर तीही तिथे जाऊन मागे घ्यावी. पैसे कटण्याआधी सूचना येते, पण आपण ती वाचत नाही. राईस मिलमध्ये हमाली करणाऱ्याच्या घरी महिन्याचे दोनशे रुपये म्हणजे भाजीचे पैसे आहेत, भाऊ!

दुसरा प्रश्न नेहमीचा. एकाने भरावे आणि चार घरांनी पाहावे, हे चालते का? आमच्या लहानपणी जयंतीला घरटी वर्गणी काढून भंडाऱ्याहून व्हीसीआर भाड्याने आणत आणि सारी वस्ती सतरंजीवर बसून पाहत असे. वर्गणी न देणाऱ्याला कोणी उठवले नाही. पण तो पडदा एका अंगणात होता. नेटफ्लिक्सने २० जुलै २०२३ रोजी भारतातही सांगून टाकले की, एक खाते एकाच घरात राहणाऱ्यांसाठी. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी दर उतरवले, तेव्हा १४९ रुपयांत फक्त मोबाईल किंवा टॅब आणि ४९९ रुपयांत एका वेळी दोन पडदे असा हिशेब होता. लोक दोन पडद्यांचा अर्थ दोन घरे असा लावतात. तसे नाही.

आम्ही स्वतः काय केले, तेही सांगतो. खाते धाकट्या भावाचे, तो नागपूरला. पाहणार आम्ही, इकडे भंडारा जिल्ह्यात. शेजारची मुलगी आली, तिला पासवर्ड दिला. तिने मामेभावाला दिला. त्याने आणखी कोणाला दिला, ते आम्हाला आजही ठाऊक नाही. एका रात्री अकराला भावाच्या मोबाईलवर ओटीपी आला, पाठोपाठ अनोळखी माणसाचा फोन, "तो नंबर सांगा." भावाने सांगितला नाही, म्हणून निभावले. (सांगून बसला असाल तर लगेच १९३० वर फोन करा.) मग फोन आम्हाला. "दादा, तुम्ही कोणाकोणाला देऊन बसलात?" आम्हाला उत्तर देता आले नाही. लोकांना दस्तऐवज सांभाळायला शिकवणारे आम्ही!

त्याने पासवर्ड बदलला, सगळे टीव्ही-मोबाईल खात्यातून बाहेर काढले. त्यात आमचाही गेला. तीन महिने बोलणे तुटकच होते.

पुढे आम्ही आमचे खाते घेतले. पण एक गोष्ट गेली. जुन्या खात्यात 'आई' असे वेगळे नाव होते. काय पाहिले ते भावाला तिकडे दिसायचे. सकाळीच त्याचा फोन यायचा, "दादा, आई काल लई उशिरापर्यंत पाहत होती वाटते. गुडघा दुखते का तिचा?" आम्ही त्याच घरात झोपलेले, आम्हाला पत्ता नसायचा.

परवा आम्हीच फोन केला. म्हटले, आई रात्री दोनपर्यंत जागी होती.

"रविवारी येतो," म्हणाला.