केए म्हणजे कर्नाटक

भाच्यानं नैरोबीहून व्हिडिओ पाठवला. त्याला दाखवायची होती तिथली रहदारी. माझे डोळे पुढच्या टोयोटाच्या पिवळ्या पाटीवर. पहिली दोन अक्षरं केए. लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या माणसाला केए म्हणजे कर्नाटक, आणि पिवळी पाटी म्हणजे भाड्याची गाडी. बिदरची टॅक्सी पार केनियात?

तिकडं नंबरात जिल्हा नसतोच. अख्ख्या देशाची एकच माळ, केएएपासून सरकत केडीपर्यंत आलेली. नंबरावरून गाडीचं वय कळतं, गाव कळत नाही. बाकी सगळं ओळखीचं. गाड्या डाव्या अंगानंच चालतात, बोडा-बोडावाले, म्हणजे दुचाकी टॅक्सीवाले, बजाजची बॉक्सर दामटतात. पण गाव न सांगणारा नंबर मला आळणी वाटतो. पुण्यात सिग्नलला एमएच-२४ दिसली की काच खाली करून ‘लातूरचे का हो?’ विचारावंसं वाटतं. २०२१ साली आलेली बीएच मालिका बदलीवाल्यांच्या सोयीची असेल, पण ती गाडी कुणाचीच वाटत नाही.

पाट्या वाचायचा नाद लागला तो १९९३च्या ऑक्टोबरात. गणपती बोळवून माणसं झोपली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायच्या जरा आधी, भूकंपात किल्लारी गेली. मग औशातून ट्रक सुरू झाले ते थांबेनात. पत्रे, ब्लँकेटं, पिठाची पोती. वरून पाऊस, रस्त्याचा नुसता राडा. राज्याची दोन अक्षरं लिहायची पद्धत १९८९ची, तेव्हा नवीच. जुन्या गाड्यांवर अजून एमनं सुरू होणारी तीन अक्षरं होती. आम्ही पोरं मोडावर उभी. जीजे म्हणजे काय, पीबी म्हणजे काय, हे पंक्चरवाला सांगायचा. ट्रकवाले त्याच्याकडंच किल्लारीची वाट विचारत. भूगोलाच्या पुस्तकातला पंजाब समोर धूर सोडत उभा. एक क्लीनर डबा घेऊन उतरला, त्यानं आधी मागच्या फळीवरचा चिखलानं भरलेला नंबर धुतला, उरलेल्या पाण्यात तोंड धुतलं आणि आम्हालाच विचारलं, ‘और कितना दूर?’ कुणी हात वर करून दिशा दाखवली. अंतर कुणालाच सांगता येईना, कारण किल्लारीला आम्ही एरवी एसटीनं जायचो आणि खिडकीसाठी भांडण्यात गाव यायचं.

आमच्याच जिल्ह्यातल्या उदगीरला आता वेगळा एमएच-५५ मिळालाय. उदगीरकर खूश, मला आपलं घर वाटून घेतल्यासारखं वाटतं. ४१४१ला शिरोरेघ ओढून ‘दादा’ करणारे पेंटर मात्र अडचणीत. होलोग्रामवाल्या, लेझरनं क्रमांक कोरलेल्या नव्या ॲल्युमिनियमच्या पाटीवर ब्रश चालत नाही. दादा आता मागच्या काचेवर गेलेत, दुप्पट मोठे.