शेगडीभोवतीं

माणसाच्या ताटांत डोकावून त्याचें कुळ ओळखण्याची संवय आम्हांस लहानपणींच लागली. रत्नागिरी जिल्ह्यांतील आमच्या घरीं मासळी चालत नसे, कांदालसूण चातुर्मासांत वर्ज्य असे, आणि पानें वाढण्यापूर्वीं आजी गोग्रास घेऊन गोठ्याकडे जाई. गाय एकच होती. ती म्हातारी होऊन मेली त्या दिवशीं घरांत चूल पेटली नाहीं. असल्या घरांत वाढलेल्या माणसानें वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं ओसाका शहरांतील गोमांस भाजण्याच्या दुकानांत जाऊन बसावें, हा योग आमच्या कुंडलींत कोणत्या ग्रहानें मांडून ठेवला होता कोण जाणे! पण तो आला खरा, आणि तो आणला आमच्याच कन्येनें.

कन्या नोकरीनिमित्त कित्येक वर्षें ओसाकास आहे. दर रविवारीं तिची आई फोनवर "काय जेवलीस?" म्हणून विचारी, आणि "भात, भाजी, दही" हें उत्तर तिकडून ठरल्याप्रमाणें येई. २०१९ सालच्या नोव्हेंबरांत आम्ही उभयतां तिच्याकडे गेलों. पांचव्या कीं सहाव्या दिवशीं संध्याकाळीं ती म्हणाली, "बाबा, मी जेथें नेहमीं जेवतें तेथें आज तुम्हांला नेणार आहे. तेथें गाईचें मांस भाजतात. मी तें खातें. तुम्ही खाऊं नका. पण दर आठवड्याला खोटें बोलायचा मला आतां कंटाळा आला आहे." आम्हीं सौभाग्यवतीकडे पाहिलें. ती कांहीं बोलली नाहीं. आंत गेली आणि अंगावरचें रेशमी पातळ बदलून साधें सुती नेसून आली. "वास लागतो म्हणे," एवढेंच म्हणाली. हें तिला कोणीं सांगितलें होतें, तें आम्हीं तेव्हां विचारलें नाहीं व पुढेंही विचारलें नाहीं.

त्सुरुहाशी स्थानकावर उतरतांच, फलाटावरच, भाजल्या मांसाचा धूर नाकाशीं येतो. २००१ सालीं जपानच्या पर्यावरण मंत्रालयानें देशांतील शंभर गंधस्थळें निवडलीं, त्यांत या स्थानकाच्या परिसराचेंही नांव आहे. चंदनाचा वास, समुद्राचा वास, जुन्या ग्रंथांचा वास यांच्या पंक्तीस सरकारनें हा धूर बसवावा, याचें आम्हांस प्रथम हसूं आलें. मग तेथल्या अरुंद बोळांतून चालतांना त्या वासामागची माणसें दिसूं लागलीं. हा भाग कोरियन लोकांचा. कोरिया जपानच्या अंमलाखालीं असतांना पोटासाठीं हजारों लोक ओसाकाच्या कारखान्यांत आले. त्यांत जेजू बेटावरचे पुष्कळ होते. १९४५ सालीं युद्ध संपलें, कित्येक परत गेले, कित्येक राहिले. जे राहिले त्यांचें जपानी नागरिकत्व १९५२ सालीं गेलें. या स्थानकाभोवतीं तेव्हां चोरबाजार भरे. त्या दिवसांत जपानी माणूस जनावराचीं आंतडीं, पोट, काळीज यांस फारसें विचारीत नसे. या लोकांनीं तीं स्वस्तांत आणावींत, तिखट-लसूण लावावें, आणि शेगडीवर भाजून विकावींत. त्या पदार्थास 'होरुमोन' म्हणतात. ओसाकाच्या बोलींत त्याचा अर्थ टाकून द्यावयाची वस्तु असा होतो, असें तेथील लोक हसत सांगतात. शब्दशास्त्रज्ञ तें मानीत नाहींत तो भाग निराळा. आज सगळ्या जपानांत 'याकिनिकु' या नांवानें जें मोठ्या चवीनें खाल्लें जातें, त्याचें बरेंचसें मूळ या बोळांत आहे.

दुकान एवढेंसें. चार मेजें, भिंतीला लागून तीन उंच बाकडीं, तेलकट झालेला पंखा. दारांतच प्रत्येकाला एक मोठी पिशवी देतात. अंगावरचा कोट तींत घालून तोंड बांधावयाचें, म्हणजे वास लागत नाहीं. नंतर गळ्यांत कागदाचें लाळेरें. आम्ही, सौभाग्यवती आणि आमची कन्या असे तिघेजण लाळेरीं बांधून बसलेले पाहून आमच्या गांवच्या भिक्षुकमंडळींस काय वाटलें असतें, याचा विचार मनांतून जाईना.

मालकीण सत्तरी उलटलेली. आमची कन्या तिला 'ओमोनी' म्हणून हांक मारते. त्या शब्दाचा अर्थ आम्हीं विचारला. "आई," कन्या म्हणाली. सौभाग्यवतीनें यावर त्या बाईकडे एकदां नीट पाहून घेतलें.

मेजावर शेगडी आली तेव्हां मात्र आम्हांस परक्या ठिकाणीं बसल्यासारखें वाटेना. तिला 'शिचिरिन' म्हणतात. मातीची, जाड अंगाची, खालीं वाऱ्याला झरोका. अगदीं आपल्या जुन्या घरांतल्यासारखी. चांगली शिचिरिन नोतो द्वीपकल्पांतील एका विशिष्ट मातीची होते. समुद्रांतील डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतींच्या कवचांचे थर लक्षावधि वर्षें सांचून ती माती तयार झालेली असते. सच्छिद्र असल्यामुळें आंत निखारे फुललेले असले तरी बाहेरून हात फारसा भाजत नाहीं. कोळशांत राजा म्हणजे ओसाकाच्या दक्षिणेस वाकायामा प्रांतांत होणारा 'बिन्चोतान'. तो ओकाच्या एका चिवट जातीच्या लांकडाचा करतात. भट्टींतून लाल असतांनाच ओढून राखमिश्रित वाळूनें विझवतात, आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर धातूसारखा नाद निघतो. ओमोनीच्या शेगडींत हा महागडा कोळसा नव्हता. साधाच होता; मधून मधून तडतडे.

कन्येनें आमच्याविषयीं आगाऊ सांगून ठेवलें असावें. ओमोनीनें दुसरी लहान शेगडी आणली आणि वेष्टणांतली कोरी जाळी आमच्यासमोर फोडून तिजवर ठेवली. एक शब्द न बोलतां तिनें तें केलें. सोवळ्याची व्याख्या तिला ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. भोपळ्याच्या फोडी, कांदा, हिरव्या मिरच्या व जाड देठांची अळंबीं आमच्या वांट्याला आलीं. भाजीस लावण्याचा तो काळसर रस आम्हांस वर्ज्य; किमची नांवाचें कोबीचें तिखट लोणचेंही वर्ज्य, कारण त्यांत खारवलेली मासळी असते. राहिलें मीठ, लिंबू आणि पांढरा भात. सौभाग्यवतीनें पिशवींतून लिंबाच्या लोणच्याची बाटली काढली. ओमोनीनें एक फोड तोंडांत टाकली, डोळे मिटले, आणि आणखी एक मागितली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण किमची आणि लोणचें किती दिवस मुरवावें यावर त्यांचें बोटांनीं बराच वेळ संभाषण झालें.

पलीकडच्या शेगडीवर कन्येचें चाललें होतें. मांसाच्या पातळ चकत्या तांबड्या, आणि तांबड्यांत पांढऱ्या चरबीची बारीक जाळी. तिला जपानी लोक 'शिमोफुरि', म्हणजे पडलेलें दंव, म्हणतात. शब्द सुंदर आहे. आम्हीं दृष्टि दुसरीकडे वळविली.

जपान हा पिढ्यानुपिढ्या गोमांस खाणारा देश असा आमचा समज होता. तो खोटा आहे. ६७५ सालीं तेन्मु सम्राटानें शेतीच्या महिन्यांत गाईबैल, घोडे, कुत्रे, वानर व कोंबड्या यांचें मांस निषिद्ध केलें. पुढें बौद्ध धर्माच्या बळावर आणि नांगराच्या बैलाची गरज म्हणून गोमांसाचा विटाळ सुमारें बाराशें वर्षें टिकला. औषध म्हणून चोरून खाणारे होते, तसे ते कोठें नसतात? १८७२ च्या जानेवारींत मेइजी सम्राटानें स्वतः गोमांस खाल्लें व तें जाहीर केलें. पाश्चात्त्यांसारखें बलवान व्हावयाचें तर त्यांच्यासारखें खाल्लें पाहिजे, हा हिशेब. थोड्याच दिवसांनीं कांहीं पर्वतवासी साधक या भ्रष्टाचाराच्या निषेधार्थ राजवाड्यांत घुसले, आणि त्यांतले कित्येक पहारेकऱ्यांच्या हातून मेले. त्या मेलेल्या साधकांविषयीं आम्हांस त्या दुकानांत बसून एकाएकीं फार आपुलकी वाटली. त्यांच्या पणतवंडांनीं आज आमच्या शेजारच्या मेजावर पेले उंचावले असतील, असेंही मनांत आलें.

इतक्यांत कन्येच्या कचेरींतून फोन आला. आंत गलका, ती उठून बोळांत गेली. जाळीवर तिनें नुकत्याच सहा चकत्या पसरल्या होत्या. चरबी निखाऱ्यांवर ठिबकली आणि भस्सकन् ज्वाळा उठल्या. आम्ही पाहत राहिलों. ओमोनी आंत होती. कडा काळ्या पडूं लागल्या.

"अहो, जळतंय ना तें!" सौभाग्यवती म्हणाली.

आमच्या घरीं निखाऱ्यावर पापड भाजण्याचें काम आजी आमच्याकडे देई. पापड क्षणांत जळतो. चिमटा हातांत असला म्हणजे विचार करण्यास सवड नसते. त्या रात्रीं चिमटा केव्हां उचलला तें आम्हांस आठवत नाहीं. एकेक चकती उलटली, ज्वाळेवरून कडेला सारली, झाल्या तशा तिच्या बशींत ठेवल्या. हाताला किंचित् कंप होता. सौभाग्यवती बशी पुढें धरून होती.

कन्या परत आली, बशीकडे पाहिलें, चिमट्याकडे पाहिलें, आणि खालीं बसली. बराच वेळ तिनें मान वर केली नाहीं. मग एक चकती खाऊन म्हणाली, "थोडें कमी भाजायचें असतें, बाबा."

"पापडाचा हात आहे त्यांचा," तिची आई म्हणाली.

निघतांना ओमोनीनें तोंडाचा वास जाण्यासाठीं आम्हां तिघांनाही चघळण्याची गोळी दिली. लोणच्याची बाटली तिच्याकडेच राहिली. घरीं आल्यावर सुती पातळ रात्रभर सज्जांत वाळत होतें. सकाळीं त्याला धुराचा वास होताच.

आम्ही पुण्यास परतलों. पुढच्या रविवारीं तिच्या आईनें फोनवर नेहमींप्रमाणें विचारलें, "काय जेवलीस?"

तिकडून क्षणभर उत्तर आलें नाहीं.

"भातभाजी."

"खरेंच?"

"आज खरेंच, आई."