मामाचा चाचा झाला!

प्रत्येक माणसाला एखादे तरी वेड असावे, असे माझे मत आहे. कुणी तिकिटे जमवतो, कुणी गच्चीत गुलाब लावतो. मी चाचा होतो. चाचा म्हणजे समुद्रावरचा लुटारू! एरवी मी पुण्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो, पगार झाला की आधी वाण्याचे बिल चुकते करतो आणि रस्ता ओलांडताना तीनदा इकडेतिकडे पाहतो. पण दिवाळीच्या सुटीत अलिबागजवळ खाडीकाठी बहिणीच्या घरी गेलो, की डोक्याला लाल रुमाल, कमरेला सौ.च्या जुन्या लुगड्याचा पट्टा आणि एका डोळ्यावर काळी चकती बांधून मी अंगणात उभा राहतो. "मामाचा चाचा झाला!" म्हणून भाचा टाळ्या पिटतो.

या वेषाची हकीकत मोठी गमतीची आहे. खांद्यावर पोपट आणि काखेत कुबडी घेतलेला लाँग जॉन सिल्व्हर आपल्याला दिला तो स्टीव्हन्सनच्या १८८३ सालच्या 'ट्रेझर आयलंड'ने. रुमाल आणि कमरपट्टा बऱ्याच अंशी हॉवर्ड पाइल या अमेरिकन चित्रकाराच्या कुंचल्यातून उतरले. चाच्यांची ती घोगरी बोली रूढ केली १९५० सालच्या चित्रपटात रॉबर्ट न्यूटनने. मी मोबाइलवर हौसेने ऐकतो त्या 'शँटी' नावाच्या खलाशी गाण्यांचेही तेच. एकाने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची, अशी ही गाणी. पण ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकातल्या व्यापारी जहाजांवरची. नावाजलेले चाचे त्याच्या शंभर वर्षे आधीच फासावर गेले होते! म्हणजे माझे सोंग हे सोंगाचेही सोंग.

गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटावर भाच्याने एकदम विचारले,

"मामा, कान्होजी आंग्रे चाचे होते का रे?"

ज्या गावाजवळ कान्होजींची समाधी आहे, तिथे हा प्रश्न! बहिणीचा हात चकलीच्या डब्यातच थबकला. मी घसा साफ करून म्हणालो, "इंग्रज त्यांना चाचा म्हणत. पण ते होते छत्रपतींचे सरखेल. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजाने त्यांचे दस्तक घ्यावे, एवढीच त्यांची मागणी. पोर्तुगीज तर कितीतरी आधीपासून असेच परवाने देत होते. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले नि हात हलवीत परत गेले. अशा माणसाला शत्रू दुसरे काय म्हणणार?"

"मग इंग्रजांच्या शिवीचा वेष तू हौसेने का घालतोस?"

वीस वर्षे व्याख्याने झोडणारा मी निरुत्तर झालो. अडचणीत सापडलेला वडील माणूस जे करतो तेच मी केले. विषय बदलला. "चल, होडीत बसू!"

शेजारच्या तांडेलाची लहान होडी होती. "ओहोटी लागायच्या आत फिरा, मास्तर," त्याने बजावले. आम्ही एकेक वल्हे घेतले. मी सोंगात रंगलो, बेटे जिंकली, खजिने पुरले. आणि भानावर आलो तेव्हा पाणी आम्हांला खाडीच्या तोंडाकडे ओढीत होते. चकतीमुळे काठ किती लांब आहे याचा अंदाज येईना. पट्टा सुटून पायांत आला. घाबरून मी भराभर वल्हे ओढी, पोर दमून मागे पडे आणि होडी नुसती गरगर फिरे. बहिणीने एकुलता एक मुलगा माझ्या भरवशावर पाठवला होता, एवढेच मला आठवत होते.

"मामा, तू सांग, मी झेलतो!" तो ओरडला.

मी चकती ओरबाडून काढली. "हैया!"

"हो!"

"हैया!"

"हो!"

दोन्ही वल्ही एकदम पडू लागली. होडी सरळ झाली. ओढ कमी होती त्या तिवरांच्या कडेला आम्ही इंचाइंचाने लागलो आणि गुडघाभर चिखल तुडवीत घरी आलो. वर्गात मी वर्षानुवर्षे फळ्यावर लघु-गुरूच्या खुणा करीत आलो आहे. पण दोघांचे बळ एकाच क्षणी लागावे यासाठी लय असते, हे मला हाताला फोड आल्यावर कळले. दोर ओढताना, नांगर उचलताना खलाशी का गात, तेही तेव्हाच उमगले.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी रात्री दिले. "मी भित्रा आहे रे. वेष घातला की जरा धीर येतो." तो विचार करून म्हणाला, "पण आज तर तू तो काढल्यावर धीट झालास!"

वेड अजून सुटलेले नाही. याही दिवाळीला लाल रुमाल पिशवीत आहे. मात्र त्याच्याखाली दोन लाइफ जॅकेटे आहेत. ती बहिणीनेच मागवली. चकती मात्र तिने मागच्या वेळीच काढून ठेवली. म्हणाली, "दादा, चाचा हो नाहीतर आणखी कुणी हो. माझ्या पोराला होडीत नेशील तेव्हा दोन्ही डोळे उघडे ठेव."