अमरकंदाच्या शोधात

आईला माणसांची नावे आठवेनाशी झाली, तेव्हा एका स्नेह्यांनी सांगितले, चीनमध्ये यावर आमरीचा कंद देतात. गोष्ट अगदीच खोटी नव्हती. ‘तिआनमा’ नावाची ही आमरी चिनी वैद्यकात डोकेदुखी, भोवळ, आकडी यांवर शतकानुशतके चालत आली आहे. हिला हिरवे पान नाही. जमिनीतल्या बुरशीच्या जिवावर हिचा कंद पोसतो. तिथले शेतकरी आधी लाकडावर बुरशी धरवतात आणि मग शेजारी कंद पुरतात. विसरभोळेपणावर तो उतारा ठरल्याचा भक्कम पुरावा नाही, हे मी वाचले होते. पण आईच्या बाबतीत पुराव्यासाठी कोण थांबतो?

श्रावणातल्या एका रविवारी प्रथम उल्हासनगर गाठले. १९४७ नंतर सिंधी निर्वासितांनी वसवलेली ही कल्याणची लष्करी छावणी. १९४९ साली तिला हे नाव मिळाले. तिथे काय मिळत नाही! जडीबुटीवाले गृहस्थ मात्र हसले. “प्रोफेसरसाब, चीनचा माल नाही. ब्राह्मी न्या. आमरीच हवी, तर बदलापूरच्या ठाकरांना अमरकंद विचारा.” अमरकंद हीही आमरीच, तिचा कंद आपल्याकडे शक्तीसाठी खातात.

पुढे अंबरनाथ लागले. इथल्या शिवमंदिरात १०६० सालचा शिलालेख आहे. गाभारा जमिनीच्या पातळीखाली. लहानपणी त्या पायऱ्या उतरताना आईने माझा हात घट्ट धरला होता. परवा शेजारणीचे नाव ती विसरली, पण त्या पायऱ्यांचा गारवा तिने जसाच्या तसा सांगितला.

बदलापूरला स्टेशनाबाहेर एक ठाकरीण करटुली विकत बसली होती. अमरकंद म्हणताच तिने मला नीट न्याहाळले.

“दाखवीन दादा, पण खणायचा नाय. एक काढला का ती जागा रितीच ऱ्हाते.”

बाजार उठल्यावर ती मला माळावर घेऊन गेली. फुलोरा केव्हाच झडला होता. गवतात ताडाच्या रोपासारखी घडीदार पाने तेवढी उभी होती. आमरीचे बी धुळीइतके बारीक, त्यात शिदोरी म्हणून नाही. मातीत तिची बुरशी भेटली तरच रुजते. हे मी पुस्तकात वाचले होते, बाईने जागा रित्या झालेल्या पाहिल्या होत्या. पिशवीतले खुरपे मी बाहेर काढलेच नाही.

घरी अर्धा किलो करटुली नेली. आईने ती हातात घेताच नाव अचूक सांगितले, वर “बिया जून असतील तर काढ” असेही बजावले. हाक मात्र मला धाकट्या मामाच्या नावाने मारली.