हेडलाइटचा गेलेला कोट

टूथपेस्टने हेडलाइट उजळतो का, हे मला गॅरेजमध्ये विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात आणि न्हाव्याच्या खुर्चीत गालाला साबण लागलेला असतानाही विचारतात. उजळतो, हो. पेस्टमध्ये घासणारी बारीक पूड असते, ती वरचा मळकट थर खरवडून काढते आणि दिवा चकचकीत दिसतो. काही महिन्यांत तो पुन्हा पिवळा होतो, तेव्हा मंडळी पेस्टला शिव्या घालतात. पेस्टने तिचं काम केलेलं असतं. उरलेलं निम्मं काम आपण केलेलं नसतं.

पद्मिनी आणि अँबेसिडरचे गोल दिवे काचेचे होते. दगड लागला की फुटायचे, आतला रिफ्लेक्टर गंजायचा, पण काच कधी पिवळी पडली नाही. आजच्या दिव्याची लेन्स पॉलीकार्बोनेटची असते. 1953 साली जर्मनीत बायर कंपनीचे हेर्मान श्नेल आणि त्याच सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे डॅनियल फॉक्स यांनी हे प्लॅस्टिक स्वतंत्रपणे बनवलं. वजनाला हलकं, हवं त्या आकारात ओतता येणारं आणि सहजासहजी न फुटणारं. गाडीच्या नाकाडोळ्यांचा आकार बदलला तो त्याच्यामुळे. पण त्याला ऊन सोसत नाही. अतिनील किरणांनी त्याच्या रेणूंची साखळी तुटते आणि त्यातून पिवळी संयुगं तयार होतात. शिवाय ते मऊ, साध्या फडक्यानेही चरे पडतात. म्हणून कारखान्यातच त्यावर केसाहून पातळ असा कडक, पारदर्शक कोट चढवलेला असतो.

पिवळेपण सुरू होतं ते हा कोट मेल्यावर. नीट पाहिलंत तर लेन्सचा आभाळाकडे असलेला वरचा भाग आधी जातो, खालचा बराच काळ स्वच्छ राहतो. रोज दुपारच्या उन्हात तोंड करून उभी राहणारी गाडी लवकर पिवळी पडते, पार्किंगमध्ये भिंतीकडे तोंड करून ठेवलेली उशिरा.

दिसायला वाईट दिसतं, एवढ्यावरच हे थांबत नाही. अमेरिकेतल्या ‘एएए’ या मोटारचालकांच्या संघटनेने 2018 मध्ये जुने, धुरकट दिवे तपासले, तेव्हा त्यांचा प्रकाश नव्या दिव्याच्या जेमतेम 20 टक्के भरला. त्यातून जो बाहेर येतो तोही विखुरतो. रस्त्यावर कमी पडतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातो. आमच्याकडे लोक यावर उपाय म्हणून 60/55 वॉटचा बल्ब काढून 100/90 चा टाकतात. त्याने होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर काळवंडतो आणि समोरून येणारा एसटीचा ड्रायव्हर तुमचा उद्धार करतो. रस्ता आधी होता तेवढाच दिसतो.

घरी करायचं असेल तर जरूर करा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. गाडी सावलीत घ्या, दिवा शाम्पूने धुवा आणि कडेच्या रंगावर मास्किंग टेप लावा, तीही दुहेरी. घासायच्या पेपरची कड एका थराला हां हां म्हणता कापते आणि बोनेटच्या रंगाला लागते. मग 600 किंवा 800 नंबरचा वॉटरपेपर, बादलीत साबणाचे दोन थेंब आणि भरपूर पाणी. दिव्यावरून आधी पिवळसर, चिकट पाणी ओघळू लागतं. तो जुना कोट. घासत राहिलात की हळूहळू ते दुधासारखं पांढरं होतं. सगळीकडून पांढरं पाणी येईपर्यंत पुढच्या नंबरला जायचं नाही. बहुतेकांचं काम बिघडतं ते इथेच. कडेला, कोपऱ्यात जुन्या कोटाची बेटं राहतात आणि वरून कितीही पॉलिश केलं तरी ती दिसतात.

या टप्प्यावर दिवा आधीपेक्षा भयानक दिसतो, अगदी घासलेल्या टाइलसारखा. घरातलं कोणी ना कोणी येऊन ‘काय करून ठेवलंत हे?’ म्हणतंच. ऐकून सोडून द्या. पुढचा पेपर 1000, मग 1500. एक नंबर आडवा चालवला तर पुढचा उभा चालवा, म्हणजे मागच्या पेपरचे चरे गेले की नाही ते कळतं. मात्र तपासताना लेन्स कोरडी करा. ओली लेन्स नेहमीच स्वच्छ दिसते, कारण पाणी चरे भरून काढतं.

शेवटी चढवायचा क्लिअर कोटही नेमकं तेच करतो. म्हणून स्प्रे मारायचा असेल तर आरशासारखी चमक आणायची गरजच नाही, उलट गुळगुळीत पृष्ठभागावर कोट धरत नाही. हाताने पुसून लावायचं कोटिंग असेल तर मात्र 3000 पर्यंत जा आणि रबिंग कंपाउंडने चमक आणा. बफिंग मशीन वापरलंत तर एका जागी टेकवून ठेवू नका, प्लॅस्टिक तापून जळतं.

आता ते उरलेलं निम्मं काम. घासून तुम्ही कारखान्याचा कोट पूर्ण काढलात, खालचं पॉलीकार्बोनेट उघडं पडलं. ते तसंच उन्हात सोडणं म्हणजे दाराला रंधा मारून वार्निश न लावता पावसात ठेवणं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, बोट न लावता, अतिनील किरण अडवणारा कोट चढवायलाच हवा. हार्डनरवाला ‘टू के’ क्लिअर सर्वांत टिकाऊ, पण त्यात आयसोसायनेट असतं. ते श्वासात जाणं धोक्याचं. साधा धुळीचा मास्क त्याला पुरत नाही, कार्ट्रिजवाला लागतो आणि जागा उघडी लागते. तेवढी तयारी नसेल तर पुसून लावायचं कोटिंग घ्या. ते कमी टिकतं, पण दर वर्षी पुन्हा लावता येतं. पावसाळ्यात स्प्रे मारू नका, दमट हवेत कोट दुधाळ होतो. दिवाळीनंतरची कोरडी हवा त्याला उत्तम.

थिनर, पेट्रोल, डासांचं मलम यांपासून चार हात लांब राहा. त्यांनी वरचा थर विरघळतो म्हणून दिवा क्षणभर चमकतो आणि मग आत बारीक तडे जातात. हल्ली वाफेचा कप विकतात, द्रावण तापवून त्याची वाफ दिव्यावर सोडायची. काम डोळ्यांदेखत होतं म्हणून गिऱ्हाईक खूश. पण त्यातही प्लॅस्टिक वरवर वितळवलेलंच असतं, ऊन अडवणारं काही लावलेलं नसतं आणि ती वाफ विषारी असते. माझ्या गॅरेजमध्ये ती येणार नाही.

धुरकटपणा आतून असेल, लेन्सच्या पोटात ओल साचत असेल किंवा तडे खोल गेले असतील, तर घासून काही उपयोग नाही. नखाने खरवडून बघा, पुसून बघा. डाग बाहेरचा नसेल तर सील दुरुस्त करून घ्या किंवा सरळ नवा दिवा बसवा.

आणि कोट ताजा असताना पाडव्याला गाडीची पूजा करणार असाल, तर हळद-कुंकू बोनेटवर वाहा. दिव्याला हात लावू नका.