मालवणचें प्रवाळ

मालवणास गेलेला प्रवासी सिंधुदुर्गाचे तट पाहून तृप्त होतो. तटाखालची सृष्टि मात्र पुष्कळांच्या दृष्टीस पडत नाहीं. शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं ज्या कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला, त्याच्याच भोवतालच्या पाण्यांत प्रवाळांची वस्ती आहे. १९८७ सालीं हा परिसर सागरी अभयारण्य ठरला.

संस्कृतांत प्रवाळास ‘विद्रुम’ म्हणतात. त्यांत ‘द्रुम’ असला तरी हा वृक्ष नव्हे. चिमुकल्या प्राण्यांनीं चुन्याचीं घरें रचून मांडलेला हा एकत्र संसार आहे. त्यांच्या देहांत राहणारीं सूक्ष्म शैवालें सूर्यप्रकाशावर अन्न निर्मून यजमानास पोसतात. पाणी फार तापलें कीं हा ऋणानुबंध तुटतो व प्रवाळ पांढरें पडतें.

पाठीवर हवेचें नळकांडें बांधून वाटाड्यासह बुडी मारण्याची सोय येथें आहे. पावसाळ्यांत ती बंद असते. साठी उलटली असल्यानें आम्ही वैद्यांची संमति घेऊनच उतरलों. खालीं जातां कानांत दडे बसतात. तेव्हां नाक चिमटींत धरून हलकेंच फुंकावें, श्वास मात्र कधींहि कोंडूं नये.

येथील बरेंचसें प्रवाळ धोंड्यासारखें दिसतें, आणि तेंच त्याचें दुर्दैव. धोंडा समजून लोक त्यावर पाय टेकतात. असें प्रवाळ वर्षाला सामान्यतः सेंटिमीटरभरच वाढतें. तटाचा ढासळलेला चिरा गवंडी पुन्हा बसवील. हें घर बांधणारा गवंडी मात्र आपल्या पायाखालींच मरतो. मुलांना तेथें अवश्य न्यावें. परंतु हें आधीं घरींच सांगून न्यावें.