जोयड्यात वाट विचारताना

बेळगावहून खानापूर, लोंढा करीत रामनगरला आलं की उत्तर कन्नडचा जोयडा तालुका सुरू होतो. पुढे दाट जंगल आणि लांब लांब विखुरलेल्या वस्त्या. मोबाईलची रेंज कित्येक ठिकाणी नसते, त्यामुळे वाट माणसालाच विचारावी लागते. इथल्या लोकांना कोकणी, मराठी, कानडी तिन्ही भाषा कळतात. तरी शहरातली तरुण मंडळी इंग्रजीतच विचारतात.

कुंभारवाड्याला एक रस्ता उळवीकडे फुटतो, दुसरा अणशीवरून कारवारला. तिथे आमच्या पुण्याच्या भाच्याने चहावाल्याला विचारलं, ‘हाऊ डू वी गेट टू अणशी?’ चहावाल्याच्या कानात ‘गेट’ एवढंच शिरलं. ‘फॉरेस्टचं गेट? पुढं आहे.’ भाच्याने ‘गो’ वापरून पाहिलं, तेव्हा त्याने हाताने रस्ता दाखवला. ‘रीच’ म्हणताच त्याने आभाळाकडे पाहिलं. ‘काळोखाच्या आत पोचाल.’

इंग्रजीच्या दृष्टीने भाच्याचं पहिलं वाक्यही बरोबरच होतं. वाट विचारताना ‘गेट टू’ हाच तिथला रुळलेला प्रयोग. ‘गो’मध्ये निघणं आणि दिशा येते, ‘रीच’मध्ये मुक्काम गाठणं. म्हणून वेळ विचारायची तर ‘रीच’ बरं. मात्र त्याच्यापुढे ‘टू’ लावायचा नाही. आपण ‘अणशीला पोचणे’ म्हणतो, त्यातला ‘ला’ आपल्या इंग्रजीत हमखास घुसतो. रस्ता कुठे नेतो हे विचारायला ‘लीड’ आहे.

आपल्याकडेही हा भेद आहेच. कोकणीत पोचण्याला ‘पावप’ म्हणतात, कानडीत ‘मुट्टु’. माघातल्या जत्रेला चन्नबसवण्णांच्या उळवीकडे धारवाड-बेळगाव भागातून बैलगाड्या निघतात. त्या गाडीवानांना उळवीला ‘जाणं’ आणि ‘पोचणं’ यांतलं अंतर कुणी शिकवावं लागत नाही.

हा भेद सर्वांत जास्त जाणवतो तो सुप्याचं नाव निघाल्यावर. हा तालुका पूर्वी सुपा नावानेच ओळखला जाई. गणेशगुडीजवळ काळी नदीवर १०१ मीटर उंचीचं धरण झालं, जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. आज सुप्याला कसं जायचं विचारलंत तर लोक धरणाची वाट दाखवतात. तिथवर जाता येतं. गावात मात्र आता कुणालाच पोचता येत नाही.

तेव्हा इकडे याल तर सरळ मराठीत विचारा: कसं जायचं आणि कधी पोचू? दोन्ही विचारा. जंगलात दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.